न झालेल्या युद्धातले गमरे

आमच्या संग्रहालयातली अमर ज्योत आठवड्यातून दोनदा तरी विझायची. खाडीवरून जोराचा वारा सुटला की तिचं काही चालत नसे. त्यासाठी तिकीट खिडकीच्या खणात स्वयंपाकघरातला एक साधा लायटर ठेवलेला होता. संचालकांचा हुकूम असा, की ज्योत पेटवायची ती प्रेक्षक आसपास नसताना, आणि रजिस्टरमध्ये दर तासाला ‘ज्योत सुरू’ एवढंच लिहायचं. हवालदार यशवंत गमरे भरदुपारी, शाळेच्या सहलीसमोर, खिशातून लायटर काढून ज्योत पेटवत आणि रजिस्टरमध्ये ती किती वाजता विझली आणि किती वाजता पेटवली ते लिहीत. एकदा एका बाईंनी विचारलं, “अहो, पण ही अमर ज्योत ना?”

“होय ताई,” गमरे म्हणाले, “हप्त्यातनं दोनदा अमर करावी लागते.”

बेलापूरच्या सरकारी इमारतींच्या मागे, खाडीच्या अंगाला, जी जागा कुणालाच नको होती तिथे आमचं संग्रहालय उभं आहे. त्याच्या नावात राष्ट्रीय, युद्ध, शौर्य आणि स्मारक हे चारही शब्द आहेत. ते एका पाटीत मावेनात म्हणून पाटी दोनदा बदलली. आत एक निवृत्त रणगाडा, पंख कापून आणलेलं एक विमान, काचेमागे बंदुका आणि पदकांच्या प्रतिकृती. मागच्या अंगणात काळ्या ग्रॅनाइटची लांब भिंत, जिच्यावर नावं कोरायची होती. मी इथे मजकुराचं काम करतो. वस्तूंखालच्या मराठी ओळी, माहितीपत्रकं, पाहुण्यांची भाषणं आणि कार्यालयाची पत्रं, हे सगळं माझ्या हातून जातं. आधी मी वर्तमानपत्रात होतो. तिथे लिहिलेल्या कागदात दुसऱ्या दिवशी निदान भजी तरी बांधत.

गमरे आमच्याकडे गाईड होते. माजी सैनिक पुरवणाऱ्या एका एजन्सीमार्फत, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावर. एजन्सीने त्यांना खांद्यावर सोनेरी दोऱ्या असलेला गणवेश दिला होता. तो घालून ते पहिल्या दिवशी आरशासमोर उभे राहिले आणि मला म्हणाले, “मास्तर, नवरदेव कुठाय?” मी मास्तर कधीच नव्हतो, पण लिहिणारा माणूस त्यांच्या लेखी मास्तरच. बुटके, काटक, रत्नागिरीकडचे. लष्करात ते सॅपर होते. म्हणजे पूल बांधणारे, रस्ते काढणारे आणि सुरुंग पेरणारे-उचलणारे. एका स्फोटाने त्यांचा डावा कान गेला होता. त्यामुळे समोरचा बोलू लागला की ते मान वाकडी करून उजवा कान पुढे करत, आणि लोकांना वाटे काय अदबशीर माणूस आहे. पाहुण्यांच्या भाषणाला मात्र ते पाहुण्यांच्या उजव्या बाजूची खुर्ची पकडत. त्या खुर्चीवरून त्यांचा डावा कान भाषणाला लागे.

त्यांची एक सवय सगळ्या कर्मचाऱ्यांच्या चेष्टेचा विषय होती. गमरे हिरवळीवर पाय ठेवत नसत. तिकीट खिडकीपासून भिंतीपर्यंत जायला हिरवळीतून एक मिनिट लागतं. गमरे फरशीच्या वाटेने अख्खा वळसा घालून जात. घणसोली गावात ते ज्या खोलीत भाड्याने राहत तिथेही तेच. मी एकदा त्यांच्याकडे गेलो होतो. मालकीणबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. आम्हाला गल्लीकडून येताना पाहून ओरडल्या, “काका, अंगनातून या ना! येवरा वलसा कशाला? तुमचे मागं त्या पावन्याला पन दमवलाव!” अंगण म्हणजे दोन इमारतींमध्ये उरलेला मातीचा एक पट्टा. गमरे हसले आणि वळसा घालूनच आले.

शाळेच्या मुलांना ते आवडायचे आणि शिक्षकांना आवडायचे नाहीत. मुलं सगळीकडची एकच प्रश्न विचारतात. सानपाड्याच्या एका शाळेतल्या मुलाने तो विचारला, “काका, तुम्ही किती मारले?”

“एक,” गमरे म्हणाले.

मुलं पुढे सरकली. शिक्षिकेने मोबाईल वर धरला.

“बैल,” गमरे म्हणाले. “आमी सुरुंग पेरून ठेवलेले. तारेचं कुंपण होतं, पाटी होती. बैलाला वाचता येत नाय. रात्री आत गेला. सकाळी त्याचा मालक कुंपणाशी बसून रडत होता. आपलाच माणूस, आपल्याच बाजूचा. मी त्याला काय सांगनार? शत्रू होता म्हणून?”

“आणि शत्रू?” मुलगा म्हणाला.

“शत्रू आलाच नाय. लढाई झालीच नाय.”

शिक्षिकेची तक्रार दुसऱ्या दिवशी मेलवर आली. आमचे संचालक कुलथेसाहेब वाईट गृहस्थ नव्हते. त्यांची उभी नोकरी मत्स्यव्यवसाय खात्यात गेली होती आणि निवृत्तीला तीन वर्षं राहिली असताना त्यांना इथे आणून बसवलं होतं. ते प्रत्येक गोष्टीला घाबरत. त्यांनी गमरेंना बोलावून घेतलं. “गमरे, प्रेरणादायी बोला हो. मुलं आहेत.”

“साहेब, बैल पण काढू का?”

“बैल मुळीच नको.”

मग चित्रदालनात युद्धभूमीचा देखावा उभारायचं काम निघालं. मुंबईहून एक डिझायनर आला. त्याने फायबरचे सहा सैनिक डोंगर चढताना उभे केले. पुढच्याच्या दोन्ही हातांत झेंडा. गमरे तासभर बघत उभे राहिले आणि शेवटी म्हणाले, “भाऊ, दोन्ही हातात झेंडा हाय. मग बंदूक कुणाकडं देऊन आला?”

“काका, व्हिज्युअल इम्पॅक्ट असतो.”

“असेल. पण पहिला तोच मरनार. त्याला सांगितलंय का?”

डिझायनरने जाताना कुलथेसाहेबांना सांगितलं, की तुमचा तो गाईड फार निगेटिव्ह आहे. हा शब्द कुलथेसाहेबांच्या डोक्यात राहिला.

आता भिंतीबद्दल. भिंतीवर कोणाची नावं कोरायची हे ठरवायला नामावली समिती होती. लष्करी कार्यालयांकडून याद्या आल्या होत्या. ज्यांची नावं यादीत नाहीत अशांच्या घरच्यांनी किंवा साथीदारांनी अर्ज करायचा, सोबत साक्षीदाराचं निवेदन जोडायचं, असा नियम. भिंतीचे भाग लढायांप्रमाणे पाडलेले होते. एकेका लढाईला एकेक फलक.

अर्जांची जाहिरात मीच लिहिली. ती सूचनाफलकावर लावली त्या दिवशी गमरे तिच्यासमोर बराच वेळ उभे राहिले. दुपारी कँटीनमध्ये माझ्यासमोर येऊन बसले. चहा मागवला आणि प्यायले नाहीत.

“मास्तर, एक नाव हाय. शिगवण. सॅपर बाळकृष्ण शिगवण. माज्या शेजारच्या गावचा.”

शिगवणांच्या घरच्यांना मी ओळखत होतो. म्हणजे गमरेंच्या बोलण्यातून. गमरेंची बायको गावी सासूजवळ राहिलेली. दर रविवारी गमरे तळोज्याला शिगवणांच्या घरी जेवायला जात. बाळकृष्णाची बायको सुनंदावहिनी, आणि मुलगा. मुलगा तिथल्याच एका रसायनांच्या कारखान्यात सेफ्टी विभागात लागला होता. सोमवारी गमरेंच्या डब्यात तिथून आणलेले वडे असायचे आणि ते आम्हा सगळ्यांना वाटले जायचे. बाळकृष्ण वारला तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. तेव्हापासून वीसेक वर्षं गमरे त्या घराचे भावोजी होते.

त्या दुपारी त्यांनी जे सांगितलं ते असं. सीमेवर सगळं सैन्य नेऊन उभं केलं होतं. युद्ध होणार म्हणून यांच्या तुकडीने वाळवंटात मैलच्या मैल सुरुंग पेरले. पेरलेला प्रत्येक सुरुंग पुढे कधीतरी उचलायचा असतो, म्हणून त्याचा नकाशा करतात. नकाशाला एक पक्की खूण लागते, न हलणारी. तिथून होकायंत्राने दिशा धरायची आणि अंतर मोजायचं. वाळवंटात न हलणारं काय असतं? एक खेजडीचं झाड होतं. गमरेंनी ते धरलं. नकाशावर त्यांचीच सही.

युद्ध झालं नाही. दहा महिन्यांनी हुकूम आला, सुरुंग उचला. हे परत गेले तर झाड नव्हतं.

“कुठं गेलं?”

“लंगरवाल्यांनी जाळलं, म्हंजे सैपाक्यांनी. आपल्याच. थंडी लई होती. नुसतं तोडलं असतं तर बुंधा तरी घावला असता. बुंधा जास्त जळतो म्हणून मुळासकट काडला. वर वाळू येऊन बसली.”

खूण हरवली तर नियम साधा आहे. नकाशा फाडून टाकायचा आणि सगळी जमीन वीतवीत तपासायची. त्याला आठवडे लागतात, आणि वरून घाई होती. गमरेंना वाळूत एक खळगा दिसला. झाड इथंच असणार असं त्यांना वाटलं. अधिकाऱ्याने विचारलं, “पक्का?” गमरे म्हणाले, “पक्का, साहेब.” त्या खळग्यापासून मोजून सुरक्षित वाटेची फीत लावली गेली. अंतर चार पावलांनी चुकलं होतं. फितीच्या आत, जिथे काहीच नसायला हवं होतं तिथे, शिगवणचा पाय पडला. गमरे त्याच्या उजवीकडे होते.

चौकशी झाली. निष्कर्ष निघाला, की जवान आखलेल्या वाटेबाहेर गेला. मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. साक्षीदार म्हणून गमरेंनी खाली सही केली.

“का केली?”

“सव्वीस वर्षांचा होतो, मास्तर. हवालदारीच्या बढतीची यादी लागायची होती.” त्यांनी चहा बाजूला सारला. “वहिनीला पण तेच कळवलं कागदावर. ती पोराला वाढवताना काय बोलायची म्हायत हाय? शाळेत दप्तर विसरला, पेला सांडला, की बोलायची, बापासारका धांदरट होऊ नकोस. माज्यासमोर बोलायची. मी जेवत असायचो.”

त्यांनी माझ्यापुढे कोरा कागद सरकवला. “लिवा. अर्ज आणि निवेदन.”

मी लिहिलं: ‘तांत्रिक कारणामुळे खुणेचे स्थान निश्चित करण्यात त्रुटी राहिली व त्यामुळे सदर दुर्घटना घडली.’ मला ते वाक्य बरं वाटलं होतं. गमरेंनी ते दोनदा वाचलं.

“ह्यात मी कुठं हाय?”

“गमरे, तुम्हाला त्रास होईल असं कशाला लिहायचं? मुद्दा पोचतो.”

“मुद्दा पोचतो, पण मानूस दिसत नाय. खोडा. लिवा, झाड नव्हतं. साहेबांनी इचारलं, पक्का? मी बोल्लो, पक्का. पक्का नव्हता. शिगवण वाटेतच होता. वाट मी चुकीची आखलेली.”

मी तसंच लिहिलं. आयुष्यात मी लिहिलेला सर्वांत स्वच्छ मराठी मजकूर तोच असावा, आणि त्यात माझा एकही शब्द नाही.

अर्ज देण्याआधी ते तळोज्याला गेले. कागदातलं वहिनीला बाहेरून कळायला नको म्हणाले. त्यानंतरच्या सोमवारी डबा नव्हता. मी विचारलं नाही; त्यांनीच सांगितलं. सुनंदावहिनींनी सगळं ऐकून घेतलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, “भावोजी, म्हणजे वीस वर्सं मी माज्या मानसाला उगाच बोल लावत होते?” मुलगा तिथेच बसला होता. तो उठून गॅलरीत गेला. वहिनींनी गमरेंच्या पुढचं ताट उचलून आत नेलं. त्यात अजून भात होता.

समितीची बैठक झाली. समितीत सात जण होते. त्यातला एकही वाईट बोलला नाही. मी इतिवृत्त लिहायला बसलो होतो म्हणून सांगतो. एका सदस्यांनी निवेदनाचं कौतुकही केलं, फार प्रांजळ आहे म्हणाले. अडचण निराळीच निघाली. भिंत लढायांची होती. जी लढाई झालीच नाही तिचा फलक कसा करणार? आणि फलक नाही तर नाव कुठे कोरणार? एका निवृत्त अधिकाऱ्यांनी सुचवलं, की एक छोटा फलक करता येईल, असे मेलेले बरेच आहेत. बरेच आहेत हे ऐकल्यावर तर समिती अधिकच सावध झाली. ग्रॅनाइट मोजून आणलेला होता.

कळवायचं पत्र अर्थातच माझ्याकडे आलं. ‘सदर मोहिमेत प्रत्यक्ष युद्ध घडून आलेले नसल्यामुळे तिचा स्वतंत्र फलक प्रस्तावित नाही. तरी आपल्या विनंतीचा विचार करता येत नाही, हे कळविण्यास खेद होतो.’ अर्ज आणि नकार एकाच महिन्यात एकाच हाताने लिहिण्याचा योग सरकारी नोकरीत दुर्मिळ नसावा; मला तो पहिल्यांदाच आला.

गमरेंनी पत्र उभ्या उभ्या वाचलं. घडी घातली.

“भाषा तुमची हाय, मास्तर.”

“हो.”

“चांगली हाय. दुखलं नाय.”

मी पोचेची वही पुढे केली.

पण समितीने नाव घेतलं नसलं तरी निवेदन ठेवून घेतलं होतं. कुलथेसाहेबांनी ते घरी नेऊन वाचलं. दोन दिवसांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावायला सांगितलं. “अहो, हा माणूस स्वतःच्या सहीने सांगतो की माझ्या चुकीने एक जवान गेला. आणि याला आपण रोज तीनशे पोरांसमोर उभा करतो? उद्या कुणी पालकाने पेपरात दिलं तर?”

“साहेब, वीस वर्षं त्याने सांगितलं नव्हतं तेव्हा तो चालत होता.”

“तेच तर म्हणतोय मी,” कुलथेसाहेब अगदी कळवळून म्हणाले. “कशाला सांगितलंन?”

करार महिनाअखेरीस संपतच होता. तो वाढवला नाही. एजन्सीने सोनेरी दोऱ्यांचा गणवेश परत मागितला; गमरेंनी तो धुऊन, इस्त्री करून, वर्तमानपत्रात बांधून दिला. निरोपसमारंभ नव्हता, कारण कंत्राटी माणसाला निरोप द्यायची पद्धत नाही. त्या दिवशी एका शाळेची सहल होती. शेवटच्या फेरीत त्यांनी मुलांना बैलाची गोष्ट सांगितली. मी मागे उभा होतो. बैलानंतर ते थांबले, आणि मला वाटलं आता हे शिगवणची सांगणार. “नीट बघत जा,” एवढंच म्हणाले, आणि मुलांना रणगाड्याकडे घेऊन गेले.

भिंतीचं अनावरण थाटात झालं. बँड होता, फुलांच्या पाकळ्या टाकणारं ड्रोन होतं. ते एकदा खाडीच्या दिशेने भरकटलं आणि पाकळ्या तिवरांवर पडल्या. प्रमुख पाहुण्यांच्या भाषणात एक वाक्य होतं, की या भूमीसाठी ज्यांनी प्राण दिले त्यांतलं एकही नाव आपण विसरणार नाही. टाळ्या झाल्या. तेही वाक्य माझंच. लिहिताना मला हसू आलं होतं, हे इथे कबूल करतो. ऐकताना आलं नाही.

त्यानंतर तीन-चार महिन्यांनी, एका मंगळवारी, मी तिकीट खिडकीत बसलो होतो; तिथला माणूस जेवायला गेला होता. रांगेत गमरे. साधा पांढरा शर्ट. त्यांच्या मागे पन्नाशीच्या एक बाई, हातात कापडी पिशवी, डोक्यावरून पदर. मी न सांगता ओळखलं.

“दोन द्या,” गमरे म्हणाले.

“अहो, तुम्ही कसली तिकिटं काढता? आत या.”

“नको, मास्तर. परेक्षक हाय आता.” त्यांनी दोन तिकिटं घेतली, एक वहिनींच्या हातात दिलं. ते देताना दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. नंतर कळलं, की बऱ्याच महिन्यांनी वहिनींनी स्वतःच निरोप पाठवला होता: भिंत बघायची आहे, घेऊन चला. तेवढाच.

खिडकीवरचा माणूस परत आला तसा मी मागच्या अंगणात गेलो. वहिनी भिंतीच्या पहिल्या फलकापासून सुरुवात करून एकेक नाव वाचत चालल्या होत्या. ओठ हलत होते. गमरे चार हात मागे. त्यांनी वहिनींना सांगितलं असणारच, की नाव नाही. तरी त्या वाचत होत्या. एक फलक संपला की पुढच्याकडे जायच्या. अर्धा-पाऊण तास लागला. सगळ्या लढाया संपल्या आणि त्या भिंतीच्या टोकाला आल्या. तिथे दोन फलक मोकळे ठेवलेले आहेत. काळे, गुळगुळीत, आरशासारखे. त्यात वहिनी दिसत होत्या, आणि त्यांच्या मागे गमरे.

“हे रिकामं कशाला ठेवलंय?”

गमरेंना प्रश्न ऐकू आला नाही. त्यांनी मान वळवून उजवा कान पुढे केला. वहिनींनी पुन्हा विचारलं.

“पुडच्यांसाटी हाय, वहिनी.”

“कुठल्या पुडच्या?”

“अजून जे मरायचेत त्यांच्यासाटी.”

वहिनींनी त्या फलकावर हात ठेवला. नवा गाईड लांबून ओरडला, “मावशी, हात नाही लावायचा!” त्यांनी हात काढला नाही. जरा वेळाने आपणहून काढला आणि पदराच्या टोकाने बोटांचे ठसे पुसले, नीट, घरातलं कपाट पुसावं तसे.

“म्हंजे जागा होती,” त्या म्हणाल्या.

माझ्याकडे बघून गमरेंनी मान हलवली, तो नमस्कार असावा, आणि दोघं फाटकाबाहेर गेली. मी फाटकापर्यंत गेलो. रस्त्यापलीकडे बसथांबा आहे. वहिनी बाकावर बसल्या, पिशवी शेजारी ठेवली. गमरे थांब्याच्या खांबाला टेकून उभे राहिले. बाकावर आणखी तिघांना पुरेल एवढी जागा होती. बस आली. वहिनी चढल्या. दारातून त्यांनी एकदा मागे पाहिलं, आणि मग आत जाऊन खिडकीशी बसल्या. बस जवळजवळ रिकामी होती. गमरे चढले नाहीत.